भाजलेल्या रुग्णांच्या जीवितशक्यतेचे अनुमान
गंभीर रीत्या भाजलेला रुग्ण वाचण्याचा संभव किती, हे त्याचे वय, भाजलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्र, भाजण्याची खोली व श्वसनमार्गाची इजा यांवरून ठरविण्याची पद्धती. मूलतः ती रुग्णाचे भवितव्य सांगण्यापेक्षा उपचारांची परीक्षा करण्यासाठी विकसित झाली.

फाब्रीट्सियुस हिल्डानुस यांनी १६०७ मध्ये भाजण्याच्या तीन प्रती सांगितल्या; द्यूप्वीत्रां यांनी १८३२ मध्ये सहा प्रती मानल्या. दोन्ही वर्गीकरणांत भर खोलीवर होता. क्षेत्रमापनाची पद्धत बर्को यांनी १९२४ मध्ये दिली. बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या रात्रीच्या करमणूकगृहाला १९४२ मध्ये लागलेल्या आगीत ४९२ माणसे दगावली. त्यानंतर तेथीलच लंड व ब्राउडर यांनी १९४४ मध्ये वयानुसार बदलणारी शरीरप्रमाणे विचारात घेणारा तक्ता प्रसिद्ध केला. वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या ‘नऊच्या नियमा’नुसार प्रौढाचे डोके व मान मिळून ९%, प्रत्येक हात ९%, प्रत्येक पाय १८%, धडाची पुढील व मागील बाजू प्रत्येकी १८% आणि जननेंद्रियांचा भाग १% धरतात.

बर्मिंगहॅम येथील बुल व स्क्वायर यांनी १९४९ मध्ये वय व क्षेत्र यांनुसार मृत्यूची संभाव्यता संख्याशास्त्रीय रीतीने काढली. निरनिराळ्या उपचारांची न्याय्य तुलना करता यावी, हा त्यामागील हेतू होता. फ्रान्समधील बो यांनी १९६१ मध्ये वय व भाजलेल्या क्षेत्राची टक्केवारी यांची बेरीज हाच निर्देशांक मानला. उदा., ६० वर्षे वयाच्या व ४०% भाजलेल्या रुग्णाचा निर्देशांक १०० येतो. त्या काळी एवढ्या निर्देशांकाचा रुग्ण वाचण्याची आशा फारशी नसे. टोबिएसेन व सहकाऱ्यांच्या निर्देशांकात (१९८२) लिंग, खोली व श्वसनमार्गाची इजा यांचा समावेश झाला. रायन व सहकाऱ्यांना (१९९८) साठीपलीकडील वय, ४०% हून अधिक क्षेत्र व श्वसनमार्गाची इजा हे तीन घटक निर्णायक आढळले. एकही घटक नसल्यास मृत्युप्रमाण ०·३%, तर तिन्ही असल्यास सु. ९०% होते. ऑस्लर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये श्वसनमार्गाच्या इजेसाठी बो यांच्या बेरजेत १७ मिळविले.

दरम्यान द्रवपूरण, मृत त्वचेचे लवकर छेदन, त्वचारोपण व जंतुसंसर्गाचे नियंत्रण यांत प्रगती झाल्याने जुनी अनुमाने खोटी ठरली. इंग्लंडमधील २७ वर्षांच्या नोंदींच्या अभ्यासात (२०१२) सु. ११० निर्देशांकास निम्मे रुग्ण वाचत असल्याचे आढळले, तर उपचार निष्फळ ठरण्याची मर्यादा १६० च्या आसपास दिसली.

अशी अनुमाने रुग्णसमूहास लागू पडतात. एखाद्या रुग्णाचे उपचार केवळ आकड्यावरून थांबविणे योग्य नव्हे. ज्यांच्या वाचण्याचे पूर्वी एकही उदाहरण नाही, अशा रुग्णांना शुद्धीत असतानाच सत्य सांगून उपचारांची निवड त्यांच्यावर सोपवावी, असे इंबस व झावाकी यांनी १९७७ मध्ये प्रतिपादन केले.