अब्बांची जीप आणि 'मोहम्मद'
अब्बांमागे माझ्याकडे आलेल्या महिंद्रा जीपचा तळ गंजला होता. रबरी मॅटखाली पाणी मुरत राहिलं की पत्रा असाच जातो. "सर, लांबी भरून रंग मारू?" डेंटरनं विचारलं. नको म्हटलं, लांबीखाली गंज वाढतच राहतो. चांगलं लोखंड लागेपर्यंत पत्रा कापला, नवा तुकडा वेल्ड केला, वर रेड ऑक्साइड.

या कंपनीचं १९४५ सालचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद', हे माझ्या वर्गातल्या मुलांना खरंच वाटत नाही. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये इथलं नाव बदललं. दोन्ही 'एम' तेवढे राहिले. विलीज जीपची जुळणी मुंबईत, माझगावला व्हायची. अब्बांना जीप आवडायची ती चिखलात चारही चाकं ओढतात म्हणून. मोहम्मदांचं नाव त्यांना मीच सांगितलं होतं.