आराखडा, प्रतिकृती आणि पुरावा : तळपदे यांच्या विमानप्रयोगाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
जुन्या आराखड्यावरून विमानाची उडती प्रतिकृती बांधणे हा सामान्यतः हौसेचा विषय समजला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे गांभीर्याने पाहिल्याचे फारसे आढळत नाही. वस्तुतः आराखडा हा कागदपत्रासारखाच एक पुरावा आहे. त्याबरहुकूम वस्तू घडवली असता तो खरा की खोटा हे कळते. महाराष्ट्राच्या विमानविद्येच्या इतिहासात शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव वारंवार घेतले जाते. प्रस्तुत निबंधात त्यांच्याविषयीच्या दाव्याचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :
१) आराखड्यावरून प्रतिकृती बांधण्याच्या प्रक्रियेचे पुरावा म्हणून स्वरूप स्पष्ट करणे.
२) तळपदे यांच्या प्रयोगाविषयीच्या दाव्याची त्या निकषावर तपासणी करणे.
३) कोल्हापूरच्या तांत्रिक परंपरेतील एका उदाहरणाशी त्याची तुलना करणे.

आराखडा व प्रतिकृती :
फ्रान्समधील आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. मागील बाजूस शेपटी असलेली ही रचना पुढे अनेकांनी पुन्हा बांधली व ती उडाली. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली याचे वाफेच्या इंजिनाचे मानवरहित विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे १ किलोमीटर उडाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने त्याचे छायाचित्र घेतले आणि ते यंत्र आजही स्मिथसोनियन संस्थेत जतन केलेले आहे.

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींचीही अशीच परंपरा आहे. वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंचे १९३७ मधील ‘गफ’ हे विमान या क्षेत्रातील आरंभीच्या यशस्वी प्रयत्नांपैकी एक होय. ब्रिटनमध्ये कीलक्राफ्ट कंपनीसाठी अल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ मध्ये आखलेले, ६० इंच पंखविस्ताराचे ‘ज्युनिअर ६०’ हे विमान मूलतः मुक्त उड्डाणासाठी होते. आज हौशी लोक त्याच जुन्या आराखड्यावर रेडिओ-यंत्रणा बसवून ते उडवतात. ब्रिटनमधील जुन्या प्रतिकृतींच्या संघटनेने १९५० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या आराखड्यांनाच ‘व्हिंटेज’ मानले आहे.

ही बांधणी पूर्ण मापाच्या कागदावर होते. फळीवर आराखडा पसरून त्यावर मेणकागद ठेवतात. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी रेषांवर बसवून चिकटवतात. पंखाच्या फासळ्या कापून त्यांवर पातळ कागद ताणतात व त्यावर लॅकरसारखे द्रावण फासतात. शेवटी विमान ठरलेल्या गुरुत्वमध्यावर तोलून पाहतात. हा मध्य किंचित मागे सरकला तरी उड्डाण अस्थिर होते. म्हणजेच आराखड्यात गुरुत्वमध्य, पंखाचा कोन व वजन यांचा मेळ नसेल, तर कितीही सुबक बांधणी त्याला तारू शकत नाही. आराखड्याची चूक लपत नाही, हेच या पद्धतीचे सामर्थ्य होय.

तळपदे यांचा दावा :
तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान सुमारे १५०० फूट उंच उडवले, असे सांगितले जाते. तथापि त्या यंत्राचा आराखडा, छायाचित्र वा अवशेष यांपैकी काहीही आज उपलब्ध नाही. तळपदे यांचे नाव ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाशी जोडले जाते. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला व त्यातील चित्रे बंगळूरचे आरेखक एल्लप्पा यांनी १९२३ मध्ये काढली. तळपदे यांचे निधन १९१६ च्या सुमारास झाले. तेव्हा ही चित्रे १८९५ च्या यंत्राचा आराखडा ठरू शकत नाहीत, हे केवळ कालक्रमावरून स्पष्ट होते.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू व गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी या ग्रंथाचे चिकित्सक परीक्षण केले. त्यांनी ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसल्याचे व त्यात वर्णिलेले एकही विमान उडण्यास समर्थ नसल्याचे दाखवले. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण एकही उडवता आली नाही, अशी नोंदही त्यात आहे. एवढे होऊनही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, यावरून या दाव्याची पकड लक्षात येते.

कोल्हापूरचे उदाहरण :
चिकित्सेमुळे देशी कर्तृत्वाचा अवमान होतो, असा आक्षेप येथे घेतला जातो. कोल्हापूरचा इतिहास त्याला उत्तर देतो. बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये दामले यांच्या साहाय्याने स्वदेशी चित्रपट कॅमेरा तयार केला व त्यावर चित्रित केलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रेक्षकांनी पाहिला. येथे दाव्याला श्रद्धेची गरज पडली नाही. यंत्राने स्वतःची साक्ष दिली. तळपदे यांनी संस्कृत ग्रंथांच्या आधारे प्रयोग करून पाहण्याचे धाडस केले, हे त्यांचे श्रेय निश्चित आहे. परंतु प्रयत्नाचे श्रेय आणि यशाचा दावा यांत अंतर ठेवणे इतिहासाला भाग आहे.

निष्कर्ष :
१) पुन्हा बांधता येईल असा आराखडा हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील प्रथम दर्जाचा पुरावा होय.
२) १८९५ च्या उड्डाणाचा दावा सध्याच्या पुराव्यावर सिद्ध मानता येत नाही.
३) इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्रितपणे एखादी जुनी प्रतिकृती बांधून घेतल्यास विद्यार्थ्यांना पुराव्याची पारख प्रत्यक्ष शिकता येईल. ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षण व मनोरंजनासाठीच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. मात्र कोल्हापुरात उजळाईवाडी विमानतळाच्या परिसरातील हवाई क्षेत्राचे निर्बंध आधी पाहणे आवश्यक आहे.