घोडनदीच्या कांठचें सोनें

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्यांतील दोन तालुके आपल्यापैकीं बहुतेकांनीं आगगाडीच्या खिडकींतून किंवा नगरच्या रस्त्यानें जातां जातां पाहिले असतील. उघडा माळ, मधूनच काळ्याभोर जमिनीचा पट्टा, भीमा आणि घोड या दोन नद्या, आणि जेथें खणावें तेथें काळा कातळ. अशा मुलुखांत सोन्याचा विषय काढणें म्हणजे माळावर मासळीचा भाव विचारण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. तरीहि आज मी त्याच विषयावर बोलणार आहें. आणि त्याचें कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे.

गोष्ट सुमारें तीस वर्षांपूर्वींची. मी त्या भागांतील एका शाळेंत शिक्षक होतों. वर्गांतील एका मुलाचे वडील एके दिवशीं मधल्या सुटींत धोतराच्या सोग्यांत कांहीं बांधून घेऊन आले. त्यांच्या विहिरीचें खोदकाम चालू होतें आणि खालच्या कातळांत त्यांना बोटभर रुंदीची एक पांढरी रेघ लागली होती. तिचा तुकडा त्यांनीं माझ्या हातावर ठेवला. उन्हांत धरतांच त्यांत पिवळसर झांक दिसली. "गुरुजी, हे काय असंल?" त्यांनीं विचारलें. सोनें गारेच्या पांढऱ्या शिरांत सांपडतें, असें मीं पुस्तकांत वाचलें होतें. तेवढेंच मीं सांगितलें. माझें वाक्य खोटें नव्हतें, परंतु तें अर्धें होतें. राहिलेलें अर्धें ऐकणारानें आपल्या आशेनें पुरें केलें. पुढचे दोन महिने त्यांनीं विहीर पाण्यासाठीं खाली न नेतां त्या रेघेच्या मागें आडवी खोदली, आणि त्यापायीं दावणीची बैलजोडी विकली. शेवटीं पुण्यास एका जाणत्या गृहस्थांनीं त्या तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकला, तों फस्सकन् फेस आला. ती गार नव्हतीच. चुनखडीच्या जातीचा तो स्फटिक होता. त्यास कॅल्साइट म्हणतात. मुलाचे वडील माझ्यावर रागावले नाहींत. "गुरुजी, दगडाचं नांव आधीं इचारायला पायजे व्हतं," एवढेंच ते म्हणाले. त्या वाक्याचा राहिलेला अर्धा भाग शोधण्यांत मीं पुढें बरींच वर्षें घालविलीं. तोच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट अशी कीं, सोनें जगांत दुर्मिळ असलें तरी तें सर्वत्र विखुरलेलें आहे. साध्या खडकाच्या एका टनांतहि तें कांहीं मिलिग्रॅम असतें. त्या दृष्टीनें शिरूरच्या कातळांतहि सोनें आहे! परंतु तें वेंचावयाचें म्हणजे समुद्रांतून साखरेचा दाणा काढावयाचा. सोन्याची खाण होण्यासाठीं निसर्गानें हे कण आधीं एके ठिकाणीं गोळा केलेले असावे लागतात, आणि हें गोळा करण्याचें काम ज्या शिरा करतात त्या फार खोल जागीं व फार जुन्या काळीं तयार झालेल्या आहेत.

दक्षिण हिंदुस्थानांत हें काम सुमारें अडीचशें कोटी वर्षांपूर्वीं झालें. जुने खडक प्रचंड दाबाखालीं पिळवटले गेले आणि त्यांत लांबच लांब भेगा पडल्या. जमिनीच्या पोटांतील अतिशय तापलेलें, गंधकयुक्त पाणी त्या भेगांतून वर येऊं लागलें. वाटेंतील खडकांतले सोन्याचे कण त्यानें विरघळवून बरोबर घेतले होते. वर येतांना दाब कमी झाला, लोहयुक्त खडकांशीं गांठ पडली, पाण्यांतला गंधक लोखंडानें ओढून घेतला. आणि सोनें गारेबरोबर भेगेंतच बसलें. सोन्याची शीर ती हीच. एका टन दगडांतून चार-पांच ग्रॅम सोनें निघालें तरी खाणवाले ती शीर कामाची समजतात. डोळ्यांना तें बहुधा दिसतहि नाहीं.

या शिरांचा शोध लागला कसा, हा इतिहासहि मनोरंजक आहे. आरंभीं शोधणारे शास्त्रज्ञ नव्हतेच. पावसाळ्यानंतर ओढ्याची वाळू लांकडी परातींत धुवून तळाशीं राहिलेले सोन्याचे कण वेंचणारे लोक होते. धारवाडकडे त्यांना जालगार म्हणत. वैनगंगेच्या खोऱ्यांत सोनझरी म्हणत. कण मिळाला कीं ओढ्याच्या उगमाकडे जावयाचें, कण मिळेनासे झाले कीं तेथें थांबून डोंगराच्या कुशींत शीर पाहावयाची, हीच मूळची रीत. आणि पुढें साहेबांनींहि तीच उचलली. निजामाच्या राज्यांतील रायचूर जिल्ह्यांत हट्टी येथें तर प्राचीन खाणकऱ्यांनीं सुमारें ६४० फूट खोल मजल मारली होती. सुरुंगाची दारू नसतां खडक विस्तवानें तापवून फोडीत ते खालीं गेले. हट्टीची खाण आजहि चालू आहे.

कोलारच्या सोन्याची वार्ता लेफ्टनंट जॉन वॉरन यानें १८०२ सालीं वर पोंचविली. परंतु जॉन टेलर अँड सन्स या कंपनीनें तेथें पाय रोवला तो १८८० सालीं. ती खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली आणि २००१ सालीं बंद झाली.

आम्हां मराठी माणसांना अधिक जवळचें प्रकरण आहे तें गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरांचें. भूस्तरशास्त्र खात्यांतील रॉबर्ट ब्रूस फूट यांनीं १८७४ सालीं तेथील सोन्याच्या खडकांवर अहवाल लिहिला, आणि १८७६ सालीं दक्षिण मराठा मुलुखाच्या भूस्तरांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या खडकांत या शिरा आहेत त्यांना 'धारवाड' हें नांव देणारेहि तेच. या डोंगरांलगतचा शिरहट्टीचा मुलूख त्या वेळीं सांगली संस्थानांत होता. म्हणून तेथील एका खाणीचें नांव 'सांगली माइन' असें आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विलायती भांडवलाच्या अनेक कंपन्या तेथें उतरल्या, विहिरी खणल्या, यंत्रें आणलीं. परंतु खर्चाच्या मानानें उत्पन्न पुरेना आणि थोड्याच वर्षांत त्यांतील बहुतेकांनीं गाशा गुंडाळला. सोन्याची खरी शीर हातीं असूनहि माणसें बुडालीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. महाराष्ट्रांत नागपूर-भंडाऱ्याकडे परसोडी, किटारी, मारुपार या भागांत भूस्तरशास्त्र खात्यास सोन्याच्या शिरा आढळल्या आहेत. आणि तेथेंहि खडक जुनेच आहेत.

आतां शिरूर-दौंडाकडे वळूं. या मुलुखाच्या खडकांचें आरंभींचें पद्धतशीर वर्णन कर्नल साइक्स यांनीं केलें. मुंबई सरकारसाठीं दख्खनची माहिती गोळा करीत ते वर्षानुवर्षें हिंडले, आणि त्यांचा भूस्तरविषयक निबंध १८३६ सालीं लंडनमध्यें छापला गेला. थरावर थर, पायरीवर पायरी, अशी या कातळाची रचना. हे लाव्ह्याचे थर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वर आले आणि जेथें पसरले तेथेंच निवाले. ते पिळवटले गेले नाहींत, खोल दाबाखालीं दबले नाहींत, सोनें वाहून आणणारें तें तप्त पाणी त्यांच्यांतून फिरलें नाहीं. त्यांच्या पोकळ्यांत व भेगांत पुढें पाणी मुरून गार, कॅल्साइट आणि झिओलाइट यांचे सुंदर स्फटिक जमले. दिसण्यांत शीर, परंतु कुळी निराळी! माझ्या अर्ध्या वाक्याचा राहिलेला भाग तो हाच: शिरेचा रंग पाहूं नये, ती कोणत्या खडकांत आहे तें पाहावें.

मग या कातळाखालीं काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस भोंक पाडून पाहिलें, तेव्हां ३३८ मीटरांवर लाव्हा संपला आणि थोड्या गाळाखालीं अतिप्राचीन खडक लागला. कोयनेकडे तर नऊशें मीटरांहून अधिक कातळ भेदावा लागला. शिरूरच्या खालींहि असाच जुना पाया आहे. त्यांत एखादी सोन्याची शीर असलीच, तरी शेंकडों मीटर काळ्या कातळाच्या झांकणाखालीं ती आहे. चाळीस हातांच्या विहिरींत ती डोकावणार नाहीं.

आणि तरीहि घोडनदीच्या कांठीं सोनें सांपडलें आहे! शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या काळांत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. मातीचीं घरें, रंगविलेलीं भांडीं, जवाचें पीक, आणि त्यांत सोन्याचे किरकोळ दागिनेहि मिळाले. हें सोनें, तसेंच हस्तिदंत, कर्नाटकांतून आलें असावें असा अभ्यासकांचा तर्क आहे. बल्लारीकडील टेक्कलकोट्याच्या वस्तींतहि सोन्याचे दागिने सांपडले आहेत. इनामगांवच्या लोकांनीं सोन्यासाठीं कातळ खणला नाहीं. त्यांनीं नदीच्या पुराचें पाणी वळविण्यासाठीं बांध आणि पाट केला होता. त्याच्या खुणा उत्खननांत मिळाल्या आहेत. पाण्यानें जव पिकला, जव उरला, आणि उरलेल्याच्या मोबदल्यांत दूरचें सोनें घोडनदीच्या कांठीं चालत आलें, असें मला वाटतें.

श्रोतेहो, आपल्या किंवा आपल्या गांवाकडच्या कोणाच्या विहिरींत चमकणारा दगड निघाला, तर दोन साध्या गोष्टी करून पाहाव्या. हातोड्याखालीं सोनें चपटें होतें; सोन्यासारखें दिसणारें माक्षिक चुरा होतें आणि तापविल्यास गंधकाची घाण येते. पांढऱ्या दगडावर आम्लाचा थेंब टाकावा. फेस आला तर तो चुन्याच्या जातीचा. याला एक रुपयाहि पडत नाहीं. आणि मास्तरास विचाराल, तर त्याचें वाक्य पुरें झाल्यावांचून उठूं नका.

त्या विहिरीची हकीकत सांगावयाची राहिली. आडवें खोदकाम सोडून त्या गृहस्थांनीं ती पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां खालीं नेली, आणि कातळाच्या दोन थरांच्या सांध्यांत त्यांना पाणी लागलें. तें फार नव्हतें. एका मोटेचें होतें. बैल मात्र पुढें तीन वर्षें शेजाऱ्याचे मागून आणावे लागले, आणि त्या तीन वर्षांचा हिशेब मीं अजून माझ्याच खातीं मांडलेला आहे.