स्टार्टएक्स : काळ्या पडद्यापासून मराठीपर्यंतचा प्रवास

शेलूबाजारसारख्या गावात संशोधनाची तयारी करताय, आणि हाताशी कुणीतरी वापरून दिलेला जुना संगणक आहे असं समजा. त्यावर लिनक्स टाकलंय. एखाद्या दिवशी डेस्कटॉप येतच नाही. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड मागणारी ओळ तेवढी दिसते. तुम्ही लॉगिन करता, प्रबंधाची मराठी फाइल उघडता, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. घाबरून फाइल पुसू नका. फाइल शाबूत आहे. या पडद्याला मराठी काढता येत नाही, एवढंच.

का येत नाही? याचं उत्तर इतिहासात आहे.

जुन्या पीसीचा मजकुराचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींचा तक्ता. एका घरात एक आकृती, आणि सगळ्या मिळून आकृत्या २५६, फार तर ५१२. इंग्रजीला एवढं पुरून उरतं. आपलं तसं नाही. 'कि' लिहिताना आपण क आधी टाइप करतो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे काढावी लागते. 'स्त्री'मध्ये तीन व्यंजनं एकत्र येतात. घराघरांचा तक्ता हे कसं सांभाळणार? म्हणून डॉसच्या काळात त्यावर वेगळं हार्डवेअर बसवावं लागलं. आयआयटी कानपूरमध्ये जिस्ट तंत्रज्ञानाचं काम सुरू झालं, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेलं. जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की साध्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरी उमटायची.

दुसरा रस्ता होता पडदाच बदलण्याचा, म्हणजे घरांऐवजी ठिपक्यांचं चित्र काढण्याचा. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोजेक्ट अथीना चालू होता. १९८४ साली तिथे बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू केलं. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच एक्स ११.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एक्स म्हणजे डेस्कटॉप नाही. एक्स सर्व्हर फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतो. खिडक्यांना चौकट कशी द्यायची, मेन्यू कुठे ठेवायचा, हे दुसरे प्रोग्राम ठरवतात. त्यामुळे कुणीतरी आधी सर्व्हर चालू करायला हवा आणि मग त्यावर पहिला प्रोग्राम सोडायला हवा. हे काम एक्सइनिट करतो. स्टार्टएक्स ही त्याला हाक मारणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट आहे. ती तुमच्या होम फोल्डरमधली एक्सइनिटआरसी ही फाइल शोधते (नावाच्या आधी टिंब असतं, म्हणून एरवी ती दिसत नाही) आणि त्यात लिहिलेला डेस्कटॉप सुरू करते. तो बंद झाला की सर्व्हरही बंद होतो, आणि तुम्ही परत काळ्या पडद्यावर.

पण चित्र काढता आलं म्हणजे लगेच मराठी आली, असंही झालं नाही. एक्सचे जुने फाँटही एका संकेताला एक आकृती याच हिशोबाने बनलेले होते. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने इंडिक्स प्रकल्पात एक्सच्याच पातळीवर भारतीय लिप्या आणायचा प्रयत्न केला. पुढे अक्षरजुळणीचं काम पँगोसारख्या लायब्ररींकडे गेलं; २००२ च्या जीटीके २ पासून कितीतरी प्रोग्रामना ती आयती मिळाली. आज एक्सची जागा हळूहळू वेलँड घेतंय. त्याचं काम २००८ मध्ये सुरू झालं. तिथे स्टार्टएक्स लागत नाही. काळ्या पडद्यावर 'स्वे'सारख्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं की झालं.

मग संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं? कोणतंही साधन हातात घेतलं की विचारा : हे बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती भाषा होती? 'मराठी फाइल बिघडली' आणि 'पडदा मराठीसाठी बनलेलाच नव्हता' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं मानलं तर तुम्ही महिन्याभराचं टिपण फेकून द्याल. दुसरं मानलं तर नेमकं काय तपासायचं ते कळेल.

आजच करून बघा. काम सेव्ह करा, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, लॉगिन करा आणि कॅट कमांडने मराठी फाइल दाखवा. मग तिथलेच बाइट मोजा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून नुसत्या 'कि'चे ६ भरतील. डेस्कटॉपवर परत येऊन पुन्हा मोजा, आकडा तोच येईल. आणि कधी स्टार्टएक्स चाललंच नाही, तर एक्सच्या लॉग फाइलमध्ये कंसात 'ईई' अशी खूण असलेल्या ओळी आधी वाचा. चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.