पाब्लो नेरुदांचं बालपण आणि हिरव्या शाईत छापलेलं पुस्तक : काय आहे ‘द ड्रीमर’?

दक्षिण चिलीतल्या तेमुको गावात एक लहान मुलगा घरामागच्या कुंपणाशी खेळत होता. कुंपणाच्या फळीला एक भोक होतं. अचानक त्या भोकातून एक इवलासा हात आला आणि लगेच मागे गेला. जाताना तो हात एक खेळणं ठेवून गेला. लोकरीची मेंढी, रंग उडालेली, चाकं निखळलेली. मुलगा घरात पळाला, स्वतःकडचं सगळ्यात आवडतं पाइनचं फळ घेऊन आला आणि त्याच जागी ठेवलं. पलीकडचा मुलगा त्याला पुन्हा कधीच दिसला नाही.

हा मुलगा पुढे पाब्लो नेरुदा झाला. 1971 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. मेंढीचा हा किस्सा त्यांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवलाय. अनोळखी माणसासाठी काहीतरी ठेवून जाणं, म्हणजे आपली कविता, असा अर्थ त्यांनी या आठवणीतून काढला. ही आठवण ‘द ड्रीमर’ या पुस्तकातही येते.

पुस्तक कुणाचं?

‘द ड्रीमर’ 2010 मध्ये अमेरिकेत प्रकाशित झालं. लेखिका पाम मुनोझ रायन, चित्रकार पीटर सीस. साधारण नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी लिहिलेली ही सचित्र कादंबरी साडेतीनशेहून जास्त पानांची आहे. रायन कॅलिफोर्नियात वाढलेल्या, मेक्सिकन वारसा असलेल्या लेखिका आहेत. या पुस्तकासाठी त्यांना 2011 चा पुरा बेलप्रे पुरस्कार मिळाला. लॅटिन अमेरिकन अनुभव मांडणाऱ्या बालसाहित्याला तो दिला जातो.

पुस्तक उघडलं की पहिली गोष्ट जाणवते ती शाई. मजकूर आणि चित्रं दोन्ही हिरव्या रंगात छापलेली आहेत, कारण नेरुदा हिरव्या शाईनं लिहायचे. काळ्या अक्षरांची सवय असलेल्या डोळ्यांना आधी थोडं विचित्र वाटतं, पण दहा-बारा पानांनंतर ते विसरायला होतं.

सीस यांची चित्रं बारीक ठिपक्यांनी काढलेली आहेत. पाऊस, समुद्र, जंगल, सगळं ठिपक्यांतून उभं राहतं. मजकुरात मुलाच्या डोक्यात जे चाललंय ते चित्रात खरोखर घडताना दिसतं. मधे मधे वाचकाला प्रश्न विचारलेले आहेत, ज्यांना एकच एक उत्तर नाही. ही कल्पना नेरुदांच्या प्रश्नांच्या कवितांवरून आलेली, पण हे प्रश्न रायन यांचे स्वतःचे.

खरा मुलगा कसा होता?

नेरुदांचं मूळ नाव रिकार्दो एलिएसेर नेफ्ताली रेयेस बासोआल्तो. जन्म 12 जुलै 1904, चिलीतल्या पार्राल गावी. आई शिक्षिका होती. बाळ दोन महिन्यांचं असतानाच ती वारली. पुढे वडिलांनी तेमुकोला दुसरं लग्न केलं. सावत्र आईनं मुलाला इतका जीव लावला की तिला ‘सावत्र आई’ म्हणणं त्याला जमेना. त्यानं तिच्यासाठी ‘मामाद्रे’ असा नवाच शब्द बनवला.

वडील रेल्वेत होते. रुळांखाली टाकायची खडी वाहून नेणारी गाडी त्यांच्या ताब्यात असे. तेमुकोचा पाऊस इतका की खडी टाकत राहिलं नाही तर रूळच वाहून जायचे. या कडक स्वभावाच्या माणसाला पोरगा कविता करतो हे अजिबात पसंत नव्हतं. पुस्तकातला नेफ्ताली किडकिडीत आहे, बोलताना अडखळतो, गणितात कच्चा आहे आणि दगड, पानं, किडे गोळा करत फिरतो. वडिलांच्या मते हा सगळा वेळेचा नास. थोरला सावत्र भाऊ रोदोल्फो सुरेख गायचा, त्याचंही गाणं वडिलांनी बंद पाडलं. धाकट्याच्या वाट्याला काय येणार, हे वाचकाला तिथेच कळतं.

पण घराबाहेर माणसं होती. ऑर्लान्डो मासोन हे नात्यातले गृहस्थ ‘ला मान्याना’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. 1917 मध्ये 13 वर्षांच्या नेफ्तालीचा पहिला लेख त्यातच छापून आला. मासोन यांच्या निमित्तानं मापुचे या मूळ रहिवाशांच्या जमिनींचा प्रश्नही पुस्तकात येतो. आणि 1920 मध्ये मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून तेमुकोला आल्या गॅब्रिएला मिस्त्राल. त्यांनी या लाजाळू मुलाच्या हातात रशियन कादंबऱ्या दिल्या. पुढे 1945 मध्ये मिस्त्राल यांनाही नोबेल मिळालं. एका लहानशा गावात दोन भावी नोबेलविजेते एकमेकांना भेटत होते!

‘नेरुदा’ नाव आलं कुठून?

त्याच वर्षी, 16 व्या वर्षी, त्यानं टोपणनाव घेतलं. वडिलांना पत्ता लागू नये हे एक कारण. एका मासिकात हे आडनाव दिसलं आणि उचललं, असं नेरुदा सांगत. ते प्रागचे लेखक यान नेरुदा यांचं होतं हे त्यांना नंतर कळलं. काही अभ्यासक मात्र शेरलॉक होम्सकडे बोट दाखवतात, कारण त्याच्या पहिल्या कादंबरीत विल्मा नॉर्मन-नेरुदा या व्हायोलिनवादिकेचा उल्लेख आहे. गंमत म्हणजे या विल्माबाई जन्मल्या ब्र्नो शहरात, आणि चित्रकार पीटर सीसही तिथलेच. कायद्यानं नाव बदललं ते 1946 मध्ये.

मग अडचण कुठे आहे?

एक तर हे चरित्र नाही. प्रसंगांचा सांगाडा खरा, पण संवाद आणि मनातले विचार लेखिकेचे. मुलांच्या हाती देताना हे सांगायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. नेरुदांचं आत्मचरित्र 1974 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, राजनैतिक अधिकारी असताना संडास साफ करायला येणाऱ्या एका तमिळ स्त्रीवर आपण जबरदस्ती केली, हे त्यात त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. त्या स्त्रीचं नावही त्यात नाही. कित्येक वर्षं या पानांकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2018 मध्ये सान्तियागोच्या विमानतळाला नेरुदांचं नाव देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा चिलीतल्या स्त्री संघटनांनी हाच मजकूर पुढे करून विरोध केला. विमानतळाचं नाव बदललं नाही.

‘द ड्रीमर’मध्ये हे नाही, आणि असायची शक्यताही नाही, कारण गोष्ट नेफ्ताली शिक्षणासाठी सान्तियागोला निघतो तिथे, 1921 च्या सुमाराला, संपते. दहा वर्षांच्या वाचकासाठी हा मुक्काम बरोबरच आहे. पण तोच वाचक सोळाव्या वर्षी नेरुदांचं नाव मोबाइलवर शोधेल, तेव्हा पहिल्या काही ओळींतच त्याला सिलोन सापडेल. घरात हे पुस्तक आणणाऱ्यांनी तोवर ती पानं स्वतः वाचलेली असली, तर मुलाला विचारायला कुणीतरी असेल.