संत पौल व संत बर्णबा यांचे सायप्रस : सलमीन ते पफे

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकास, सिरियाच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर सायप्रस हे बेट आहे. सिसिली व सार्डिनिया यांच्या खालोखाल ते या समुद्रातील तिसरे मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर आहे. आपल्या मराठी बायबलमध्ये ते 'कुप्र' या नावाने येते. पवित्र भूमीची यात्रा करणाऱ्या मराठी ख्रिस्ती भाविकांना यरुशलेम, बेथलेहेम व नाझरेथ ही नावे परिचित असतात. ज्या बेटावर ख्रिस्तसभेच्या पहिल्या मिशनयात्रेचा प्रारंभ झाला, त्याची ओळख मात्र थोड्यांनाच असते. म्हणून प्रेषितांच्या मार्गाने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, या बेटावरील किनारी नगरांची व अवशेषांची माहिती आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

बायबलमधील उल्लेख

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात योसेफ नावाचा एक लेवी आपले शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवतो. प्रेषितांनी ज्याला बर्णबा हे नाव दिले तोच हा सायप्रसचा सुपुत्र. पुढे तेराव्या अध्यायात अंत्युखियाची ख्रिस्तसभा बर्णबा व शौल यांना पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने सुवार्ताकार्यासाठी पाठविते. त्यांच्यासमवेत योहान मार्क हाही होता. इ. स. ४५ ते ४८ च्या दरम्यान केव्हातरी हे तिघे सलमीन बंदरात उतरले, तेथील यहुदी सभास्थानांत त्यांनी देवाचे वचन सांगितले आणि संपूर्ण बेट पार करून ते पफे येथे पोहोचले.

ते कोणत्या वाटेने गेले, हे संत लूक सांगत नाही. तथापि दक्षिण किनाऱ्यावरील नगरांना जोडणारा रस्ता त्यांनी धरला असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर भरते.

सलमीन

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, फामागुस्ता शहराच्या उत्तरेस सहा किलोमीटरवर सलमीनचे अवशेष आहेत. समुद्राला लागूनच संगमरवरी स्तंभांनी वेढलेली व्यायामशाळा, स्नानगृहे आणि सुमारे १५,००० प्रेक्षक बसू शकतील असे रोमन नाट्यगृह येथे पाहावयास मिळते. व्यायामशाळेतील अनेक पुतळे शिरविरहित आहेत. आज दिसणारे बरेचसे बांधकाम संत पौलानंतरच्या काळातील आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

चौथ्या शतकातील भूकंपांनी हे नगर उद्ध्वस्त झाले. सम्राट कॉन्स्टॅन्शियस दुसरा याने ते पुन्हा उभारले व त्यास 'कॉन्स्टॅन्शिया' असे नाव दिले. येथील बिशप संत एपिफानियस यांच्या नावाच्या विशाल चर्चचा पाया आजही स्पष्ट दिसतो. सातव्या शतकातील अरब स्वाऱ्यांनंतर लोक नगर सोडून गेले व येथील दगड फामागुस्ताच्या बांधकामास लागले.

जवळच संत बर्णबाचा मठ व त्यांची कबर आहे. परंपरेनुसार संत बर्णबा आपल्या या जन्मभूमीतच रक्तसाक्षी झाले. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशप अँथेमियस यांना त्यांची कबर सापडली व त्यांच्या छातीवर संत मत्तयच्या शुभवर्तमानाची प्रत होती, असे सांगतात. या शोधामुळे सम्राट झेनो याने सायप्रसच्या ख्रिस्तसभेचे स्वतंत्र स्थान मान्य केले. तेथील ऑर्थोडॉक्स आर्चबिशप लाल शाईने सही करतात, तो मान त्या वेळचाच मानला जातो. मठात आता संग्रहालय आहे.

फामागुस्ता

इ. स. १२९१ मध्ये पवित्र भूमीतील आक्रे हे ख्रिस्ती बंदर पडले आणि तेथील निर्वासित व व्यापारी फामागुस्तास आले. थोड्याच काळात हे बंदर वैभवास चढले. येथील संत निकोलस महामंदिर गॉथिक शैलीतील असून त्याची दर्शनी बाजू फ्रान्समधील महामंदिरांची आठवण करून देते. सायप्रसच्या लुसिन्यान राजांना यरुशलेमचे राजे म्हणून येथेच मुकुट घातला जाई.

इ. स. १५७०-७१ मध्ये ऑटोमन सैन्याने या शहरास वेढा घातला. वेढा चालू असतानाच पोप संत पायस पाचवे यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती सत्तांची आघाडी मे १५७१ मध्ये तयार झाली. परंतु तिची मदत वेळेवर पोहोचली नाही व ऑगस्टमध्ये शहर पडले. शरण आलेल्या व्हेनिसच्या सेनापतीस, मार्कांतोनियो ब्रागादिन यांस, हालहाल करून ठार मारण्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांतच, ७ ऑक्टोबर १५७१ रोजी, लेपांतो येथे त्याच आघाडीच्या आरमाराने विजय मिळविला. आपण ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या मातेचा सण साजरा करतो त्याचे मूळ या विजयात आहे. ऑक्टोबर महिन्यात घरोघरी रोझरी म्हणताना फामागुस्ताचे नाव आपल्याला सहसा आठवत नाही. परंतु त्या सणाच्या इतिहासात या शहराचे अश्रूही आहेत. संत निकोलस महामंदिर तेव्हापासून मशीद आहे.

शहराच्या दक्षिणेस वारोशा ही वसाहत आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये तेथील रहिवासी घरेदारे सोडून पळाले व वसाहत तारांच्या कुंपणाआड गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचा काही भाग पाहण्यासाठी खुला करण्यात आला.

लार्नाका

लार्नाका म्हणजे प्राचीन कितियन. जुन्या करारातील 'कित्तीम' हे नाव या नगराशी जोडले जाते. स्टोइक तत्त्वज्ञानाचा संस्थापक झेनो येथलाच.

भाविकांच्या दृष्टीने येथील मुख्य स्थळ म्हणजे संत लाजर यांचे चर्च. प्रभू येशूने कबरेतून उठविल्यानंतर लाजर सायप्रसला आले व कितियनचे पहिले बिशप झाले, अशी पौर्वात्य परंपरा आहे. सम्राट लिओ सहावा याने इ. स. ९०० च्या सुमारास हे चर्च बांधविले व संतांचे पवित्र अवशेष कॉन्स्टँटिनोपलला नेले. इ. स. १९७२ मध्ये चर्चच्या दुरुस्तीच्या वेळी वेदीखाली काही अस्थी सापडल्या. त्या संत लाजर यांच्याच अवशेषांचा भाग असल्याचे मानले जाते. चर्च ऑर्थोडॉक्स असले तरी सर्व ख्रिस्ती यात्रेकरूंना खुले आहे. शहरात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे कृपामातेचे कॅथलिक चर्चही आहे. जवळच्या किती गावातील चर्चमध्ये पवित्र मरिया व बाळ येशू यांचे सहाव्या शतकातील मोझाइक चित्र आहे. हिवाळ्यात लार्नाकाच्या खाऱ्या तलावावर फ्लेमिंगो उतरतात.

अमाथुस, लिमासोल व कुरिऑन

लिमासोलच्या पूर्वेस अमाथुसचे अवशेष आहेत. अलेक्झांड्रियाचे कुलगुरू संत योहान, ज्यांना गोरगरिबांवरील दयेमुळे 'दानशूर' हे नाव मिळाले, ते येथलेच. लिमासोल येथे इंग्लंडचा राजा रिचर्ड याचा विवाह इ. स. ११९१ मध्ये झाला.

लिमासोलच्या पश्चिमेस, समुद्रावरील उंच कड्यावर कुरिऑन वसले होते. येथील नाट्यगृहातून खाली पसरलेला समुद्र दिसतो. इ. स. ३६५ च्या भूकंपात हे नगर कोसळले. विसाव्या शतकातील उत्खननात एका घरात पुरुष, स्त्री व बालक यांचे सांगाडे एकमेकांना बिलगलेल्या स्थितीत सापडले. पुरुषापाशी ख्रिस्ताच्या नामचिन्हाची अंगठी होती. भूकंपानंतर नगर पुन्हा उभे राहिले. त्या काळातील युस्तोलिओस यांच्या वाड्यातील जमिनीवर मोझाइकमध्ये एक लेख आहे. या घराचे रक्षण दगड व लोखंड नव्हे, तर ख्रिस्ताची चिन्हे करतात, असा त्याचा आशय आहे. ज्यांनी दगडी भिंती पडताना पाहिल्या होत्या, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तो कोरविला, म्हणून तो विशेष अर्थपूर्ण वाटतो.

पफे

पफे, म्हणजेच आजचे पाफोस, हे रोमन काळात बेटाच्या राज्यपालाचे ठिकाण होते. येथे राज्यपाल सिर्ग्य पौल याने प्रेषितांना बोलावून घेतले व अलीम नावाच्या जादूगाराचा विरोध मोडून पडल्यावर त्याने विश्वास ठेवला. याच प्रसंगापासून 'शौल' हा 'पौल' या नावाने ओळखला जाऊ लागतो. नगराजवळच अफ्रोडाइट देवीचे प्रसिद्ध मंदिर होते. तेव्हा मूर्तिपूजेच्या एका मोठ्या केंद्राशेजारी ही घटना घडली, हे ध्यानात घ्यावे.

पाफोसच्या अवशेषांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८० मध्ये झाला. इ. स. १९६२ मध्ये सापडलेल्या वाड्यातील मोझाइक चित्रे व 'राजांच्या कबरी' पाहण्यासारख्या आहेत. क्रिसोपोलितिसा येथे एका विस्तीर्ण प्राचीन चर्चच्या अवशेषांत 'संत पौलाचा स्तंभ' दाखविला जातो. त्यास बांधून प्रेषितास एकोणचाळीस फटके मारले, अशी स्थानिक परंपरा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत हा प्रसंग नाही. मात्र करिंथकरांस दुसऱ्या पत्रात अशी शिक्षा आपण पाच वेळा भोगल्याचे संत पौल स्वतः लिहितात.

या अवशेषांतच संत किरियाकी यांचे लहान चर्च आहे. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे असून तिच्या अनुमतीने कॅथलिक व अँग्लिकन भाविक तेथे उपासना करतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ४ जून २०१० रोजी येथेच ऐक्य-प्रार्थना केली.

दुभंगलेले बेट

सायप्रस १६ ऑगस्ट १९६० रोजी ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाले. इ. स. १९६४ पासून तेथे संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आहे. तिचे प्रमुख असताना आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांचे १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच निधन झाले. जुलै १९७४ मधील सत्तांतराचा प्रयत्न व तुर्कस्तानचे लष्करी आक्रमण यांनंतर बेटाचे दोन भाग झाले. त्यांच्यामधील पट्टा सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. सलमीन, संत बर्णबाची कबर व फामागुस्ता उत्तरेत राहिली. लार्नाका ते पाफोस दक्षिणेत. एप्रिल २००३ पर्यंत प्रेषितांचा हा मार्ग सामान्य माणसास सलग चालता येणे जवळजवळ अशक्य होते.

या पट्ट्याला लागूनच राजधानी निकोसियातील पवित्र क्रूसाचे कॅथलिक चर्च आहे. पोप फ्रान्सिस यांनी ३ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणादिवशी, तेथे स्थलांतरितांसमवेत प्रार्थना केली. सायप्रसच्या लॅटिन विधीच्या चर्चमध्ये आज फिलिपाईन्स, श्रीलंका व भारत येथून कामासाठी गेलेले अनेक श्रद्धावंत मिस्साला येतात. मॅरोनाइट कॅथलिकांची प्राचीन गावे उत्तरेत असून १९७४ नंतर त्यांपैकी बहुतेकांना दक्षिणेत आश्रय घ्यावा लागला.

यात्रेकरूंसाठी

एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने प्रवासास सोयीचे आहेत. उन्हाळ्यात उघड्या अवशेषांत फिरणे त्रासदायक होते. बेटावर प्रवेश लार्नाका किंवा पाफोस विमानतळावरून करावा. उत्तरेकडील विमानतळावरून केलेला प्रवेश सायप्रस प्रजासत्ताक बेकायदेशीर मानते. उत्तरेत जाताना पासपोर्ट जवळ हवा. भाड्याच्या मोटारीसाठी तिकडे वेगळा विमा घ्यावा लागतो. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा.

निघण्यापूर्वी प्रेषितांची कृत्ये, अध्याय तेरावा अवश्य वाचावा. संत लूकने थोडक्या शब्दांत सांगितलेला तो प्रवास करताना आज वाटेत सीमा-चौकी लागते. तेथे रांगेत उभे असताना या बेटाच्या ऐक्यासाठी, व घर सोडावे लागलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी, एक प्रार्थना आपण जरूर करावी.