ओके

ओके हा इंग्रजी भाषेतील, मूळचा अमेरिकन, अनौपचारिक शब्द आहे. होकार, अनुमती, निरोप मिळाल्याची पोच किंवा 'सर्व ठीक आहे' हे सांगण्यासाठी तो वापरला जातो. इंग्रजीत तो विशेषण, क्रियाविशेषण, नाम, क्रियापद व उद्गार अशा सर्व भूमिका पार पाडतो. मराठीसह जगातील असंख्य भाषांनी तो जसाच्या तसा स्वीकारला आहे.

व्युत्पत्ती

हा शब्द २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात छापून आला. त्या काळी तेथील वृत्तपत्रांत शब्दसमूह मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांची विनोदी लघुरूपे करण्याची टूम होती. 'ऑल करेक्ट', म्हणजे 'सर्व बरोबर', यातील दोन्ही आद्याक्षरे चुकीची धरून 'ओ.के.' तयार झाले. बरोबर असल्याची ग्वाही देणाऱ्या शब्दात एकही अक्षर बरोबर नसावे, हाच त्यातील विनोद. अशी बहुतेक लघुरूपे लवकरच विस्मरणात गेली. ओके तगले ते १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीमुळे. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे न्यू यॉर्क राज्यातील किंडरहुक गावचे. 'ओल्ड किंडरहुक' या त्यांच्या टोपणनावाची आद्याक्षरेही तीच असल्याने समर्थकांनी 'ओ.के. क्लब' काढले. व्हॅन ब्यूरेन पराभूत झाले, शब्द मात्र रूढ झाला.

हा उलगडा भाषाअभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखांतून केला. तत्पूर्वी हा शब्द अमेरिकेतील मूलनिवासींच्या चोक्टॉ भाषेतून आल्याचे मत प्रचलित होते.

अर्थच्छटा

ओके हा शब्द प्रशंसा करीत नाही आणि निंदाही करीत नाही. चित्रपट 'ओके होता' म्हणजे बेताचाच होता. पुष्कळदा अर्थ केवळ स्वरावरून ठरतो. 'ऐकले' आणि 'परवानगी आहे' या दोन अर्थांची गल्लत मात्र घातक ठरू शकते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफे येथे दाट धुक्यात केएलएमच्या विमानाने आपण उड्डाणाच्या स्थितीत असल्याचे कळविले. नियंत्रकाने 'ओके' म्हटले आणि क्षणभर थांबून, उड्डाणासाठी वाट पाहावी, असे सांगितले. त्याच वेळी पॅन ॲमच्या विमानाचाही संदेश सुरू झाल्याने पुढचे शब्द कर्कश आवाजात बुडाले. दोन्ही विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. अपघाताची इतरही कारणे होती. तथापि त्यानंतर विमानवाहतुकीतील संभाषणासाठी ठराविक शब्दांचा आग्रह अधिक कडक झाला.

मराठीतील वापर

मराठीत हे अर्थ वेगवेगळ्या शब्दांत वाटलेले आहेत: पोच देण्यास 'बरं', अनुमतीस 'चालेल' वा 'हरकत नाही', प्रकृती विचारल्यास 'ठीक'. ओके या सर्वांची जागा घेतो. त्यामुळे सोय होते, पण नेमकेपणा उणावतो. वडीलधाऱ्यांना नुसते 'ओके' म्हणणे अनेक घरांत तुटक वाटते. ('ओकणे' या धातूचे रीतिभूतकाळी रूपही 'ओके' असेच होते, त्या योगायोगाचा या शब्दाशी संबंध नाही.) बोलीत त्याचे 'ओक्के' असे जोरकस रूप होते.

मालमोटारींच्या मागे रंगविले जाणारे 'हॉर्न ओके प्लीज' सर्वपरिचित आहे. त्यातील 'ओके'विषयी अनेक कथा सांगितल्या जातात, परंतु त्या ऐकीव आहेत. चालकांना विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्रात २०१५ मध्ये या मजकुरावर बंदी घालण्यात आली. जून २०२२ मधील राजकीय घडामोडींत सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून दूरध्वनीवर केलेल्या वर्णनामुळे 'ओके' घरोघरी पोहोचला. त्याच वर्षी विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली. 'खोका' म्हणजे बोलीत एक कोटी रुपये. घोषणेतील आरोप संबंधित आमदारांनी फेटाळला.